मदत छावणीतली फिजिओथेरपी: दर्जा म्हणजे नेमकं काय धरायचं?

प्रश्न दापोलीकडच्या तिघा-चौघा नव्या फिजिओथेरपिस्टांचा आहे. पूर आला, दरड कोसळली, वादळ झालं की पथक घेऊन जायची त्यांची तयारी आहे. त्यांना विचारायचंय ते असं: अशा ठिकाणच्या कामाला व्यावसायिक दर्जाचे काही ठरलेले निकष आहेत का, की 'अशा वेळी जमेल ते करा' एवढंच? आणि वीज नाही, यंत्रं नाहीत, तपासणीचं टेबल नाही, तर दर्जा राखायचा म्हणजे करायचं काय?

निकष आहेत आणि लेखी आहेत. 'जमेल ते करा' हे धान्य वाटणाऱ्यानं म्हटलं तर चालेल, नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टानं म्हणू नये.

हे निकष आले कुठून ते आधी सांगतो, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. जगभरातून वैद्यकीय पथकं धावली, शस्त्रक्रिया झाल्या, हात-पाय कापावे लागले. पण कुणावर काय केलं याच्या नोंदी नीट नाहीत, पुढे व्यायाम कोण घेणार, कृत्रिम पाय कोण बसवणार हे ठरलेलं नाही, आणि पथकं परत गेलेली. त्यावर बरीच टीका झाली. मग जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय पथकांचं वर्गीकरण आणि किमान निकष ठरवले. २०१६ मध्ये केवळ पुनर्वसनासाठी (म्हणजे घर-गाव वसवणं नव्हे, तर पेशंटला हालचाल आणि रोजची कामं परत जमवून देणं) स्वतंत्र निकष आले आणि २०२१ मध्ये मूळ दस्तऐवजाची सुधारित आवृत्ती निघाली. रुग्ण दाखल करून शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात दर २० खाटांमागे किमान एक पुनर्वसन तज्ज्ञ हवा, तो पदवीधर हवा, पदवीनंतर किमान तीन वर्षं प्रत्यक्ष काम केलेला हवा, आणि कुबड्या, स्प्लिंट (हात-पाय स्थिर ठेवणारा आधार), व्हीलचेअर असं किमान साहित्य पथकानं सोबत आणायला हवं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. फक्त पुनर्वसनासाठी येणारं खास पथक असेल तर त्यात किमान तिघे हवेत आणि त्यांनी निदान महिनाभर राहायला हवं.

महिनाभर! आपल्याकडची पथकं शनिवारी सकाळी येतात आणि रविवारी संध्याकाळी गाडी पकडतात.

दुसरा दस्तऐवज 'स्फिअर'चा. मदतकार्यातल्या किमान निकषांची ही पुस्तिका, चालू आवृत्ती २०१८ ची. तिच्यात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि दर २० जणांमागे एक शौचालय असे आकडे आहेत. हे आपलं काम नव्हे असं वाटेल. पण लघवीच्या नळीवर असलेल्या पेशंटची स्वच्छता पाण्याशिवाय होत नाही, आणि गुडघा वाकत नसलेल्या आजीला भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही म्हणून ती दोन दिवस खाणंपिणं बंद करते. निवारा केंद्रात पोचल्यावर मी आधी संडास बघतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या मध्यभागी भोक पाडून दिलं, तर ते पहिल्या दिवशीच्या कितीतरी व्यायामांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तंबूतल्या मोठ्या रुग्णालयांसाठी, आम्ही तर दोन मोटारसायकलींवरून जाणारे चौघं. खरंय. म्हणून एवढंच लक्षात ठेवा की सवलत साधनांना मिळते. तपासणी, संमती, नोंद आणि पेशंट पुढे कुणाच्या हाती सोपवायचा या चार गोष्टींना ती मिळत नाही. माझं मत विचाराल तर यातली चौथी सगळ्यात जड आहे. तुम्ही निघून गेल्यावर पंधराव्या दिवशी त्या पेशंटचं काय झालं, यावर मी तुमच्या कामाचा दर्जा ठरवीन.

कोकणात पेशंट कसे येतात हेही आधी समजून घ्या, नाहीतर भूकंपाची पुस्तकं वाचून चुकीची तयारी कराल. भूकंपात मृतांपेक्षा जखमी जास्त असतात. दरडीत उलट होतं. तळिये (जुलै २०२१) किंवा इर्शाळवाडी (जुलै २०२३) इथं जे गाडले गेले त्यातले फार थोडे जिवंत बाहेर आले. पुरातही मोठ्या जखमा त्यामानानं कमी. मग फिजिओथेरपिस्टाकडे येतं कोण? पक्षाघातानंतर जेमतेम चालायला लागलेली, आणि पुरात वॉकर वाहून गेलेली माणसं. चिखल उपसताना घसरून मनगट किंवा खुबा मोडलेल्या बायका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यात छपरावर कौलं आणि पत्रे घालायला चढून पडलेले लोक. आणि ज्यांचा आपत्तीशी काही संबंधच नाही असे जुने पेशंट: आंबा काढताना किंवा पोफळीवरून पडून कमरेखाली लुळे झालेले, जे घरी कसंबसं ठीक होते आणि आता शाळेच्या फरशीवर आहेत. कोकणात मणक्याच्या दुखापतीचा पेशंट प्रत्येक मोठ्या गावात एखादा तरी सापडतोच. छावणीत सगळ्यात आधी मरणाच्या वाटेला लागतो तो हाच, आणि तोही बेडसोरमुळे, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या व्रणामुळे.

त्याच्यावरच जरा थांबतो. समजा जिल्हा परिषदेच्या शाळेत असा एक पेशंट आहे, पस्तिशीतला, खाली सतरंजी आणि त्यावर चादर. गर्दीत कपडे काढणं शक्य नाही, म्हणून दोन बाकांमध्ये साडी बांधा. संमती विचारा, बायको किंवा आई जवळ असू द्या, मग कुशीवर वळवा. माकडहाडाच्या वरचा भाग, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, सगळं टॉर्चच्या उजेडात बघा. लाल दिसलं तर अंगठ्यानं दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर व्रणाची सुरुवात झाली आहे; त्या बाजूवर आता झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीनं ऊब आणि कडकपणाही पाहा. मग घरातल्या गोधड्या मागवून जाड थर करा. पोटरीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहील. हमखास कुणीतरी हवा भरलेली ट्यूब आणून देतं, 'मध्ये भोक आहे, बरं पडेल' म्हणून. ती वापरू नका. कडेच्या दाबानं मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

आणि शाळेत फळा असतो. त्यावर खडूनं दर दोन तासांची वेळ लिहा: डावी कूस, उताणं, उजवी कूस, आणि समोर वळवणाऱ्याचं नाव. नाव लिहिलेलं असलं की रात्री दोन वाजताही माणूस उठतो. नुसतं 'दर दोन तासांनी वळवा' सांगितलं की कुणीच उठत नाही. वळवणं तुम्ही दाखवायचं, मग बायकोनं तुमच्यासमोर करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही न बोलता नुसतं बघायचं. तिला जमलं तर 'शिकवलं' असं कार्डावर लिहायचं, तोपर्यंत नाही. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरची असेल तर आणखी एक गोष्ट घरच्यांना शिकवाच: अचानक डोकं फुटेल असं दुखलं, घाम सुटला, तर त्याला उठवून बसवायचं, लघवीची नळी कुठे दुमडली किंवा अडली आहे का ते बघायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. रक्तदाब भडकलेला असतो. डोकेदुखीची गोळी देऊन झोपवणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय.

आपला पेशंट कोणता नाही हे ओळखणं हाही निकषांचाच भाग आहे. पुरानंतर आठवडाभरानं लोक पोटऱ्या आणि कंबर दुखते म्हणून येतील. साहजिक वाटेल, कारण चिखल उपसून सगळ्यांचंच अंग मोडलेलं असतं. पण सोबत ताप असेल आणि डोळे लाल असतील तर हात लावायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. लेप्टोस्पायरोसिसमध्ये, म्हणजे पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापात, पोटऱ्या अशाच दुखतात, आणि लागण झाल्यावर लक्षणं साधारण पाच ते चौदा दिवसांत दिसतात, म्हणजे नेमकी तुमची छावणी चालू असताना. शेक-मालीश करण्यात दोन दिवस घालवले तर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतं. तसंच ढिगाऱ्याखाली पाय अडकून निघालेल्या माणसाची लघवी चहाच्या रंगाची झाली असेल, किंवा पायाची बोटं नुसती वर ओढल्यावर पोटरीत जीव जाईल अशी कळ येत असेल, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवा आणि गाडी बघा.

यंत्रांबद्दल. '२०२१ च्या पुरात दवाखान्यातली यंत्रं चिखलात गेली, आता फिजिओथेरपी बंद' असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. छावणीतल्या आज्याही विचारतात, "मशीन नाय लावणार काय?" हा समज आपल्याच धंद्यानं लोकांना करून दिलेला आहे, त्याचा दोष आजीला देऊ नका. आंतरराष्ट्रीय निकषांतल्या साहित्याच्या यादीत शेकाच्या आणि करंटच्या यंत्रांना महत्त्व नाही. स्थिती बदलणं, लवकर उठवणं, सांधे आखडू न देणं, श्वासाचे व्यायाम, चालायला शिकवणं, घरच्यांना शिकवणं, यावर सगळा भर आहे.

श्वासाचंच उदाहरण घ्या. बरगड्या मोडलेल्या पेशंटला दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही, कफ साठतो, ताप येतो. लिटरची पाण्याची बाटली घ्या, तळापासून १० सेंटिमीटर पाणी भरा, त्यात तळापर्यंत नळी सोडा आणि तिच्यातून सावकाश फुंकून बुडबुडे काढायला सांगा. फुफ्फुसं उघडी राहायला एवढा प्रतिरोध पुरतो. पण नळी सलाइनच्या सेटची घेऊ नका. ती अरुंद असल्यानं पाण्यापेक्षा नळीचाच अडथळा जास्त होतो आणि आपण किती दाब देतोय हेच कळत नाही. आतला व्यास ८ मिलिमीटर तरी हवा. कफ ओढायच्या यंत्राची नळी चालते. बाटलीचं तोंड बंद करू नका. पाणी उकळून गार केलेलं आणि रोज बदललेलं हवं, बाटली ज्याची त्याला. आणि छातीत हवा भरल्याची शंका असेल, ती हवा काढायची नळी छातीत टाकलेली नसेल, तर हा प्रयोग मुळीच नाही. या सगळ्या अटी पाळल्या की बाटली यंत्राइतकीच शास्त्रशुद्ध. अटी सोडल्या तर तो नुसता जुगाड.

आता व्हीलचेअर. हा विषय निघाला की माझा पारा चढतो. प्रत्येक आपत्तीनंतर कुणीतरी टेम्पो भरून व्हीलचेअर आणतं, रांगेत मांडतं, फोटो काढतं. सगळ्या एकाच मापाच्या, उशीशिवाय. एका गावात वाटलेल्या खुर्च्यांपैकी बऱ्याच पुढच्या पावसात गोठ्यात सापडल्या, त्यावर वैरण ठेवलेली. दुसरं होणार काय? आमच्याकडे घर म्हणजे रस्त्यापासून जांभ्या दगडाची पाखाडी (पायऱ्यांची वाट), मग अंगण, मग दोन पायऱ्यांचा ओटा, मग पडवी. रुग्णालयाच्या गुळगुळीत लादीसाठी केलेली खुर्ची तिथं जाणारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या: नाव नोंदवण्यापासून तपासणी, निवड, मागणी, जुळणी, माप बसवणं, वापर शिकवणं आणि नंतरची दुरुस्ती-देखभाल. वाटपवाले यातली फक्त एक पायरी करतात, गाडीतून उतरवण्याची, आणि ती आठांत नाहीच. मणक्याच्या पेशंटला उशीशिवाय खुर्ची देणं म्हणजे त्याला बेडसोर देणं. उशी असली तरी पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दाब काढायला शिकवावं लागतं. तुमच्या समोर असं वाटप चालू असेल तर भांडू नका, पण माप घ्यायची जबाबदारी तुम्हाला द्या असं आयोजकांना सांगा. बहुतेक जण आनंदानं देतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रगती मोजायलाही यंत्र लागत नाही. व्हरांड्यात खडूनं तीन मीटरवर रेघ मारा, पेशंटला खुर्चीतून उठून तिथवर जाऊन परत येऊन बसायला सांगा, मोबाइलवर सेकंद मोजा. ही जगभर मान्य असलेली चाचणी आहे. तिच्या जोडीला इथलं एखादं काम लिहा: ओट्यावर चढता येतं का, मासे साफ करायला उकिडवं बसता येतं का, होडीत पाय टाकता येतो का. लावणीच्या दिवसांत बाईला गुडघा किती अंश वाकतो यापेक्षा चिखलात वाकून उभं राहता येतं का हे महत्त्वाचं असतं.

नोंद. पेशंटच्या हातात एक कार्ड द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मराठीत, घरच्यांना वाचता येईल असं. शस्त्रक्रिया कुठली, कधी, आणि त्या पायावर किती वजन टाकायचं हे त्यावर ठळक हवं, कारण हीच माहिती सगळ्यात जास्त हरवते. 'टेकवायचा नाही' आणि 'अर्धं वजन' यातला गोंधळ म्हणजे हाडाला बसवलेली पट्टी वाकणं आणि पुन्हा शस्त्रक्रिया. सर्जनला विचारल्याशिवाय अंदाजानं लिहू नका. पुढे काय शिकवलं, कोणतं लक्षण दिसलं तर धावायचं, पुढची तारीख आणि कुणाकडे जायचं. पत्त्यात वाडीचं नाव हवंच, नुसत्या गावावर माणूस सापडत नाही. आणि मुंबईचा नंबर घ्या. आपत्तीनंतर आई-वडिलांना मुलगा विरारला किंवा दिव्याला घेऊन जातो, आणि गावात केलेलं सगळं नियोजन तिथं संपतं. कार्डावर मुंबईतल्या जवळच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं नाव लिहून दिलं तर निदान धागा तुटत नाही.

परवानगीचं थोडक्यात. प्रत्येकाची महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी चालू हवी. २००२ च्या कायद्यानं ती परिषद आहे आणि आपत्तीत तिचे नियम स्थगित होत नाहीत. इंटर्न मुलांना न्या, पण एकट्यानं पेशंट तपासू देऊ नका. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, तेव्हा परस्पर छावणीत घुसण्याऐवजी प्रशासनाकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे नाव द्या. छावणीत आपण कोण, कधीपर्यंत आहोत आणि आपल्याविरुद्ध तक्रार कुठे करायची हे दारावर लिहा. पेशंटचे फोटो काढू नका. संमती घेतली तरी नको. ओल्या कपड्यांत, उपाशी बसलेला माणूस मदत देणाऱ्याला 'नाही' म्हणू शकत नाही. मणक्याला झटके देणं, सुया टोचणं, रंगीत पट्ट्या चिकटवणं हे सगळं दापोलीत ठेवून जा.

तीन वर्षांचा अनुभव नसेल तर काय, असंही तुम्ही विचाराल. मग पथक काढू नका, अनुभवी माणसाच्या पथकात जा. आणि खरं काम पावसाआधी करा. मे महिन्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, आशाताईंना घेऊन प्रत्येक वाडीतली यादी करा: अंथरुणाला खिळलेलं कोण, नळी कुणाला आहे, वॉकर किंवा कुबड्या कुणाकडे आहेत. दरडीचा धोका असलेल्या वाड्यांची यादी प्रशासनाकडे असते. दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या की रेड अलर्ट आल्यावर आधी कुणाला हलवायचं हे ठरलेलं राहतं. हलवणाऱ्या पोरांना एवढं बजावून ठेवा की माणसाबरोबर त्याची गादी, वॉकर, औषधांची पिशवी आणि जादाची नळीही उचलायची; घाईत माणूस येतो आणि हे सगळं मागे राहतं.